खेद अधिकारी, करूळ घाट

माझ्या नोकरीचं नाव खेद अधिकारी. नोकरी खरी आहे, तिला पीएफसुद्धा आहे, आणि गगनबावड्यात करूळ घाटाच्या तोंडाशी तिचं काचेचं केबिन आहे. त्यात मी, एक पंखा आणि कंपनीचा एक पडदा असे तिघं बसतो. पडद्यावर ‘नकार’ आला की मी फोन लावायचा आणि ग्राहकाला सांगायचं, तुमच्या क्रेनचा विमा या क्षणापासून काढून घेतला आहे, आम्हाला खेद आहे. खेदाला गुण असतात. आवाज तपासून दहापैकी दिले जातात. माझी सरासरी नऊ पूर्णांक दोन आहे. इतका दुःखी आवाज अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

हे काम यंत्राला का देत नाहीत? दिलं होतं. मग लोक कोर्टात गेले आणि कोर्टानं सांगितलं की नकार जिवंत माणसानंच, ग्राहकाच्या भाषेत, आपुलकीनं कळवला पाहिजे. तो कळेपर्यंत जुनं कवच चालू राहील. माणूस मध्ये आला की नकार कमी होतील, असं न्यायाधीशांना वाटलं असावं. कंपनीनं नकार तेवढेच ठेवले आणि माणूस नेमला.

आता नकार का येतो ते सांगतो.

विमा ही मुळात अज्ञानाची भिशी. शंभर क्रेनवाल्यांपैकी कुणाची वायर तुटणार हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून शंभरही जण भिशीत. ज्याची तुटेल त्याला मिळेल. आजोबांच्या काळापासून हे उत्तम चाललं होतं, कारण कुणालाच काही कळत नव्हतं. मग कळायला लागलं.

क्रेनची वायर म्हणजे शेकडो बारीक तारांचा पीळ. ताण आला की एकेक तार तुटताना आवाज करते, पण तो माणसाच्या कानापलीकडचा. तो ऐकणारं अंगठ्याएवढं यंत्र हुकाच्या वर बसवतात. घाटात त्याला नुसतं ‘कान’ म्हणतात. क्रेन उभी राहताना जमिनीला टेकवते त्या चार लोखंडी पायांखाली, म्हणजे जॅकखाली, दुसरं यंत्र असतं. माती किती मिलिमीटर खचली ते ते सांगतं. तिसरं क्रेन चालवणाऱ्याच्या मनगटावर, त्याची नाडी मोजणारं. तिन्ही आकडे एकत्र केले की पुढच्या मिनिटाभरात अपघात होण्याची शक्यता शंभरात किती, हे कळतं. फार सुंदर शोध आहे. प्रशिक्षणात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता भिशीत कुणाचा नंबर लागणार हे भिशी चालवणाऱ्याला आधीच कळलं, तर तो काय करेल? बरोबर. आदल्या मिनिटाला त्याला भिशीतून काढेल. याला क्षणविमा म्हणतात. क्रेन शेडमध्ये उभी, कवच आहे. रिकामी फिरते, कवच आहे. कुणी दरीवर लोंबतोय आणि हुक टाकला, आकडा पंधराच्या वर गेला, की नकार. आणि कवच नसताना उचलायला कायद्यानं बंदी. म्हणून नकार कळला की वायर गुंडाळणाऱ्या विंचच्या ड्रममध्ये पोलादी कडी आपोआप पडते आणि सगळं जागच्या जागी थांबतं.

आणखी एक बारीकसा भाग आहे. जिवंत माणसाचा हिशेब यंत्राला नीट लागत नाही. त्याचा पाय जाईल की कणा, किती वर्षं जगेल, त्यातली किती कोर्टात काढेल. मेलेल्या माणसाचा आकडा ठरलेला. म्हणून गाडीत माणूस जिवंत असला की धोका मोठा, आणि मेला की तो एकदम उतरतो. हे कुणी दुष्टपणानं ठरवलेलं नाही. गुणाकार तसा येतो.

घाटात आमच्या बाजूला एकच क्रेन आहे, माझ्या आत्याची. वैजयंता लोहार. दहावीपासून मला तिनंच वाढवलं. नवरा गेल्यावर क्रेन चालवायला कोण येणार असं दिरानं विचारलं, तेव्हा ती उत्तर द्यायच्या ऐवजी क्रेनमध्ये चढली, ती अजून उतरलेली नाही.

श्रावणात एक जीप कठड्यावरून गेली आणि झाडाला अडकली. मी आत्याला चाळीस सेकंदांत नकार कळवला. नऊ पूर्णांक आठ गुण. कडी पडली. जीपमधला माणूस पंचवीस मिनिटं हाका मारत होता, मग थांबला. तो थांबला आणि थोड्या वेळानं कडी आपोआप उघडली. क्रेनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ‘कवच सुरू झाले आहे. आपले काम सुरक्षित असो.’

आत्यानं त्याला वर काढलं. मला कंपनीचं प्रमाणपत्र आलं. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलत नाही. आम्ही एकाच घरात राहतो. मला काही सांगायचं झालं तर ती फ्रिजला सांगते. “जेवायला वाढलंय,” असं ती फ्रिजला म्हणते. फ्रिज काही बोलत नाही, मग मी जाऊन बसतो.

नोकरी सोडायची होती. सोडली असती तर आठ गुणांचा कुणीतरी आला असता, असं मी मनाशी म्हणायचो. हे वाक्यही मी फार दुःखी आवाजात म्हणायचो.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, पावणेबाराला, वैभववाडीचे डेकोरेशनवाले भिकाजी रावराणे कोल्हापूरचं लग्न उरकून परत निघाले होते. टेम्पोत नवरा-नवरीची दोन सिंहासनं आणि फायबरचे चार हत्ती. तिसऱ्या वळणावर ब्रेक गेला, कठडा फुटला, आणि टेम्पो तोंड खाली करून एका ऐनाच्या झाडावर जाऊन बसला. दोन हत्ती दरीत गेले. दोन मागं दोरीला धरून राहिले. रावराण्यांचा पाय स्टिअरिंगखाली.

पुढचं सगळं मला क्रेनच्या कॅमेऱ्यातून दिसत होतं. आत्या आधीच पोचली होती. तिनं जॅक टेकवले, हुक सोडला, वायर ताणली. आकडा चौतीसवर गेला आणि माझ्या पडद्यावर आलं, ‘नकार. कळवा.’

कळवण्याच्या पाच पायऱ्या आहेत. नमस्कार, ख्यालीखुशाली, खेद, नकार, आणि शेवटी ‘आणखी काही मदत करू शकतो का?’ दुसऱ्या पायरीला एक पोटनियम आहे. कुठल्याशा अधिकाऱ्याला ग्राहक म्हणाला होता, वडील वारले, आणि अधिकारी ‘छान’ म्हणून पुढं गेला. मोठा बोभाटा झाला. तेव्हापासून ग्राहकानं ज्याचं नाव घेतलं त्याची चौकशी केल्याशिवाय पडदा पुढं सरकतच नाही. हा नियम पुण्यात बसून ज्यानं लिहिला, त्याच्या हिशेबी घरात चार माणसं असतात.

एरवी हा नियम लागूच होत नाही. दरीच्या काठावर उभा असलेला माणूस फोनवर फक्त ‘बोल’ म्हणतो.

मी फोन लावला.

“नमस्कार, आत्या.”

“नकार दे आन् ठेव फोन.” तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

“घरची सगळी कशी आहेत?”

“हर्षद, मानूस लोंबतोय हितं.”

“दिसतोय मला. घरची कशी आहेत?”

ती गप्प झाली. ग्राहक आठ सेकंद गप्प राहिला की पुढची पायरी आपोआप येते. पडद्यावर एक गोल असतो, तो पुसत जातो.

“आत्या,” मी म्हणालो, “तू ज्याचं नाव घेशील त्याची चौकशी मला करावीच लागते. सगळ्यांची झाल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. एकालाही सोडू नको. घरात कोण कोण आहे?”

गोल जवळजवळ पुसला होता. मग विंच सुरू झाल्याचा आवाज आला.

“शालन,” आत्या म्हणाली. “माझी जाऊ.”

“कशा आहेत शालनकाकू?”

“कशी असंल? माझं परडं गिळून ठणठणीत हाय! म्होरं विचार!”

“आणखी कोण?”

“दीर. पांडुरंग.”

“ते कसे—”

“मेला! दोन वर्सं झाली! तेराव्याला तूच बुंदी वाढत हुतास की, माकडा!”

“ऐकून वाईट वाटलं,” मी म्हणालो. ते वाक्य पडद्यावर लिहूनच येतं.

टेम्पो हातभर वर आला. मग पांडुरंगाच्या तीन सुना झाल्या. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि तिसरी दोघींशी, त्यामुळं प्रत्येकीची वेगळी चौकशी. आत्यानं आजवर कुणाची विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. लग्नकार्यात ती जेवते आणि ‘चला’ म्हणते. त्या दिवशी मात्र एका हातानं विंचचा दांडा धरून ती नातेवाईक असे बाहेर काढत होती, जसं कुणी अडगळीतली भांडी अंगणात फेकतं. मावसभाऊ. त्याचा साडू. साडूची म्हैस. म्हशीची चौकशी करावी का, यावर पडदा तीन सेकंद अडला. मग त्यानं ‘करा’ असं सांगितलं.

टेम्पो हाकेच्या अंतरावर आला तसा आत्याच्या स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून दुसराच आवाज आला. “ताई, हत्ती ऱ्हवांदेत, आधी माका बघा!”

“ह्यो कोन, विचार!” आत्या माझ्यावर ओरडली.

“आपण कोण?”

“भिकाजी रावराणे! टेम्पोतसून बोलतंय!”

“कसे आहात?”

“डोळे फुटले काय रे तुझे?”

“घरी कोण असतं?”

“बायल असा, आवस असा! चेडू बारावीक असा! तू कोण रे, सोयरीक घेऊन इलंस?”

बायकोची झाली, आईची झाली, मुलीला बारावीत कुठला विषय जड जातो तेही झालं. फिजिक्स. टेम्पोची मागची चाकं कठड्याच्या रेषेत आली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात गुण चढत होते. नऊ पूर्णांक नऊ. दहा. दहाच्या पुढं जागा नव्हती, तिथं एक फूल उमललं.

“आणखी कोण, आत्या?”

ती थांबली. विंच चालू होतं, ती थांबली.

“श्रावनातला जीपवाला,” ती म्हणाली. “नाव ठावं हाय का तुला त्याचं?”

“नाही.”

“परकाश डवर. चौकशी कर. कर की! नियम हाय न्हवं तुझा?”

पडद्यावर नाव उमटलं. त्याच्याखाली तयार प्रश्न. मी तो वाचला.

“प्रकाश डवर कसे आहेत?”

गोल अर्धा पुसला गेला.

“बायको साळवनच्या स्टँडवर भजी तळती,” आत्या म्हणाली. “दोन पोरी. थोरली मला इचारती, मावशी, बाबा हाका मारत हुता तवा तू काय करत हुतीस? सांग तिला. तुझा आवाज गोड हाय. सांग, आत्या कडीकडं बघत बसली हुती. पंचवीस मिन्टं! त्यानं मला नावानं हाक मारली रं. क्रेनवर लिवलंय ते वाचून. वैजयंता, वैजयंता. माझा नवरा बी मला पुऱ्या नावानं हाक मारत नव्हता!”

“त्या मुली कशा आहेत?” मी विचारलं. हे नियमातच होतं. ते नियमात नसतं तर मी विचारलं असतं का, याचा विचार मी पुढं पुष्कळ वेळा केला आहे आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला आहे.

त्याच वेळी आकडा एकेचाळीसवर गेला. कारण खाली लिहिलं होतं, ‘डावा पुढचा जॅक, मिनिटाला चार मिलिमीटर.’ ही ओळ फक्त माझ्यासाठी असते, नकार देताना मन घट्ट राहावं म्हणून. ती ग्राहकाला सांगायची नाही असा नियम नाही. ती कुणी सांगेल असं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

“आत्या, डावा पुढचा जॅक खचतोय. मिनिटाला चार मिलिमीटर.”

“काय?”

“डावा पुढचा. आत्ता खचतोय.”

कॅमेऱ्यात ती धावताना दिसली. तिनं ब्रेक मारला, लाकडाचे दोन ओंडके आणून जॅकखाली ठोकले आणि परत दांड्याशी आली. आकडा उतरला. अठ्ठावीस. बावीस. इतके दिवस तो आकडा चोरासारखा पळून जाण्यासाठी वापरला गेला होता. ज्या माणसाबद्दल तो होता, त्याला तो पहिल्यांदाच कळला.

“अजून सांग!” आत्या ओरडली.

“वायरचा डाव्या बाजूचा पीळ बोलतोय. हळू घे. वीस. एकोणीस.”

टेम्पो कठड्याच्या आत आला. रस्त्यापासून पुरुषभर उंचीवर टेम्पोचं केबिन, आत रावराणे, मागं दोन हत्ती. आता फक्त खाली टेकवायचा होता. ॲम्ब्युलन्स येऊन थांबली होती.

सतरा.

“हर्षद!” कानात दुसरा आवाज आला. पुण्याच्या मृणाल मॅडम, आमच्या खेद विभागप्रमुख. “अरे, काय सुंदर गुण येताहेत तुझे! पण एका कॉलला बत्तीस मिनिटं?”

“मॅडम, आकडा सतरावर आलाय. पंधराखाली गेला की नकारच रद्द होतो. दोन मिनिटं द्या.”

“हो, पण निर्णय चौतीसवर झालाय ना? आकडा आपणहून उतरला तर कवच परत येतंच, नाहीतर त्यांना पुन्हा अर्ज करता येईल की. सहा तासांनी.”

“गाडी हवेत आहे, मॅडम. आत माणूस आहे. जिवंत.”

“हो, तेच तर,” मॅडम म्हणाल्या. खरंच सहानुभूतीनं म्हणाल्या. “तू दमलायस. मी घेते कॉल.”

ख्यालीखुशाली माझ्या हातून झालेलीच होती, त्यांनी अकरा सेकंदांत नकार कळवला. आठ पूर्णांक एक गुण. “आणखी काही मदत करू शकते का?” असं त्या विचारत असतानाच कडी पडल्याचा आवाज मी फोनमधून ऐकला.

माझ्या केबिनपासून तिसरं वळण मोटरसायकलवर चार मिनिटांचं आहे. गळ्यात पडद्याचेच आकडे दाखवणारा टॅबलेट होता, कारण तो काढला तर पगार थांबतो. मी पोचलो तेव्हा टेम्पो हवेत सावकाश हलत होता. कुणी वर चढलं तर तो झोका घेई आणि आत रावराणे किंचाळत. टेम्पोच्या दारातून रक्ताची धार लागली होती. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग होती, आणि माणसं हत्तींचे फोटो काढत होती.

आत्या विंचवर उभी होती. एका हातात घण, दुसऱ्या हातात छिन्नी, आणि दोन्ही एकटीनं जमत नव्हतं.

“धरा की कुनीतरी!” ती ओरडली.

“सरकारी सील आहे त्यावर,” ॲम्ब्युलन्सचा माणूस म्हणाला.

“आत मानूस हाय!”

“तेही आहे,” तो म्हणाला.

आम्ही लोहार. आमच्या घरात एक नियम आहे, तो कुठल्या कंपनीनं लिहिलेला नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या घणाखाली छिन्नी धरायची नाही. आजोबांच्या उजव्या हाताला चार बोटं होती. पाचव्याचा इतिहास भाऊबंदकीचा आहे.

मी विंचवर चढलो आणि छिन्नी घेतली. कडीच्या बिजागरीवर टेकवली. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत आकडा असता तर तो नव्वदच्या पुढं असता, आणि मला कवच नव्हतं.

“तिथं वरती कान आहे,” मी म्हणालो. “तो मोडू नको. तो खरं बोलतो.”

“हात हलवू नगस,” ती म्हणाली.

पहिला घाव. दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या. “ह्यो परकाशचा,” ती म्हणाली. दुसरा घाव. “ह्यो बी त्याचाच.” तिसऱ्याला काही म्हणाली नाही. ती रडत होती आणि घण सरळ येत होता. तिचा राग पुरता माझ्यावर होता आणि घाव पुरता छिन्नीवर. चौथ्या घावाला बिजागरी फुटली आणि कडीचा तुकडा एका हत्तीच्या पोटात घुसला.

“आकडं सांग,” आत्या म्हणाली. तिनं हातानं ब्रेक सैल केला.

मी टॅबलेट वाचत राहिलो. एकोणीस. अठरा. थांब. सतरा. सोळा. टेम्पो इंचाइंचानं उतरत होता. चौदा. चाकं रस्त्याला टेकली तेव्हा टॅबलेटवर हिरवी अक्षरं आली. धोका संपला होता, आणि कवच परत आलं होतं.

रावराण्यांना कापून बाहेर काढलं. पाय राहील की नाही हे डॉक्टर सांगणार होते. माणूस राहिला होता. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी माझ्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं.

“तूच तो, फिजिक्स इचारणारो?”

“हो.”

“कसलो येडो माणूस!” ते म्हणाले, आणि त्यांना नेलं.

आत्या रस्त्याच्या कडेला टेकली. मी शेजारी बसलो. तिनं मला उठवलं नाही, पण सरकून जागाही दिली नाही, त्यामुळं मी अर्धा गटारात होतो.

टॅबलेट वाजला. ‘कडी तुटल्याची नोंद झाली आहे. कारण निवडा : गंज, वीज कोसळणे, उंदीर, इतर.’ मी ‘इतर’वर बोट ठेवलं. एक रिकामी चौकट आली. मी तिच्यात ‘राग’ असं लिहिलं. यंत्रानं ते काही हरकत न घेता मान्य केलं आणि पुढचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दिल्याशिवाय अर्ज बंद होत नव्हता.

“आत्या,” मी म्हणालो, “कडी तुटल्याचं कारण मी ‘राग’ लिहिलंय. ही स्थिती अंदाजे किती काळ राहील, असं विचारतंय.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. समोर गाड्यांची रांग खाली वळणापर्यंत गेली होती.

“लिव,” ती म्हणाली. “अजून सुरू व्हायचाय.”